गरुड आतल्या बाजूला

त्या वर्षी ज्वारीत टारफुल्याचं तण उठलं, आणि मागेरोला पहिला संशय ओलालचा आला. टारफुल्याचं बी डोळ्यांना दिसतही नाही, ते वाऱ्यावर येतं, गुरांच्या खुरांना चिकटून येतं, हे मागेरोला चांगलं ठाऊक होतं. पण वाऱ्याशी भांडता येत नाही, आणि ओलालचं शेत बांधाला लागून होतं.

मागेरोचा स्वभावच तसा. अंडं फोडण्याआधी तो ते उन्हात धरून बघायचा, आणि फोडल्यावर कोंबडीकडे बघायचा. बायको अपोंडी हिच्या हातची घट्ट पिठाची उगाली खाऊन त्याची दाढी पिकली, तरी पहिला घास तो अजून हुंगूनच तोंडात टाकायचा. माणूस वाईट नव्हे. जगाने आपल्याला अजून पुरतं कसं फसवलं नाही, एवढंच त्याला कोडं होतं.

अशा माणसाचा मुलगा कॉलेजात गेला.

पाठवला तो गावाने. ओबुराचं नाव किसुमूकडच्या एका शिक्षकांच्या कॉलेजात लागलं, तेव्हा घराघरातून काहीतरी आलं. कुणी कोंबडी दिली, कुणी भुईमुगाचं पोतं. म्हाताऱ्या न्यासुनाने ओमेनाची टोपली दिली. सरोवरातली ती पेराएवढी मासळी सुकवून विकण्यावरच तिचं पोट होतं. ओलालने बकरा दिला. तपकिरी, डावा कान फाटलेला. दिल्या दिवसापासून ओलाल तो बकरा विसरला नाही, आणि गावालाही त्याने विसरू दिला नाही. पुढच्या वर्षीसाठी पुन्हा असंच काही जमलं तर ओबुरा शिकणार होता; नाहीतर बापाशेजारी कुदळ घेऊन उभा राहणार होता.

त्यामुळे झालं असं की ओबुराच्या अंगावरचा प्रत्येक कपडा गावाच्या मालकीचा झाला.

पहिल्या सुट्टीला तो पांढरा सदरा, काळी पँट आणि टोकदार बूट घालून आला. सदरा मितुंबाचा, म्हणजे गोऱ्या मुलखात कुणीतरी अंगावरून उतरवलेला, गठ्ठ्यातून आलेला. बाजारात त्या ढिगाऱ्यात दुपारभर वाकून उपसलं तर चहा आणि तळलेल्या मांदाझीच्या भावात सदरा हाती लागतो. कॉलर झिजलेली होती, ती शिंप्याकडून उलटून घेतलेली. पँटची घडी गादीखाली दाबून आणलेली. बूट खोलीतल्या मित्राचे. हे सगळं ओबुराने ज्याला त्याला सांगितलं. ओलालने बुटांकडे बघत मान हलवली.

"ओळखला," तो म्हणाला. "माझाच बकरा. बघा कसा चालतोय."

दुसऱ्या सुट्टीला ओबुरा शहाणा होऊन आला. खांद्यावर उसवलेला सदरा, टायरच्या चपला. तर गाव म्हणालं, हा खरंच कॉलेजात आहे, की बसस्टँडवर पोती उचलतोय? ओलालने त्याच्या तळहातावरचे घट्टे तपासले. घट्टे घरच्याच कुदळीचे होते, पण घट्ट्यावर कुदळीचं नाव नसतं.

म्हणून तिसऱ्या खेपेला ओबुराने डोकं चालवलं.

तोवर कपड्यांच्या बाबतीत तो मुरला होता. मळ दाखवत नाही म्हणून पँट काळी घ्यावी, आणि ढिगाऱ्यातली पँट मापून बघायला जागा नसते म्हणून तिची कंबर आपल्या गळ्याभोवती धरून बघावी, तिथे बसली की कमरेलाही बसते. सदरे दोन पुरतात, एक अंगावर आणि एक दोरीवर. फक्त दोरीवर नजर ठेवावी लागते. टाय चार मित्रांत एक. अशा हिशेबी मुलाच्या हाती एक दिवस ढिगाऱ्यातून दोन बाजूंचा कोट लागला.

एका बाजूने तो राखाडी, जाड, पोत्यासारखा साधा. दुसऱ्या बाजूने चकचकीत मरून रंगाचा, आणि पाठभर सोनेरी धाग्यांनी भरलेला गरुड, पंख पसरून. एका कोटाच्या किमतीत दोन! आठवडाभर वर्गात राखाडी, रविवारी गरुड. दलालाने मळलेला समजून तो बाजूला टाकला होता, कारण त्याला एकच बाजू दिसली होती.

गावाला येताना ओबुराने अर्थातच राखाडी बाजू वर घेतली. ना श्रीमंती, ना भिकारीपणा. बोट ठेवायला जागाच नाही, असं त्याला वाटलं.

पण कोट बनवणाऱ्याने आपल्या नावाचा कापडी शिक्का, जो एरवी आत असतो, शिवला होता तो राखाडी बाजूला. मानेवर, मध्यभागी, पांढराशुभ्र.

रस्त्याकडेला न्यासुना मासळी वाळत घालत होती. तिने ओबुराला येताना पाहिलं, आणि तो पुढे गेल्यावर त्याच्या मानेवरचा शिक्का पाहिला. तिचा हात टोपलीवरच थांबला.

"ओबुरा, लेका," तिने हाक मारली. "तिकडे सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे आजी."

"सगळे... आहेत ना?"

"कोण सगळे?"

"ते तूच सांगायचं बाबा," न्यासुना म्हणाली, आणि पुन्हा मासळीकडे वळली.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की कोट उलटा करून घालतात. विधवा तर मेलेल्या नवऱ्याचाच घालते, शिवण बाहेर, अस्तर बाहेर. न्यासुनाच्या अंगावर तसाच कोट होता. तिचा नवरा म्हणजे ओलालचा मोठा भाऊ, तो जाऊन किती पावसाळे झाले याची गणती गावाने सोडली होती. रीतीप्रमाणे मोठ्याची विधवा धाकट्याच्या आसऱ्याला जाते. पण दुःखाचा कोट सरळ होईस्तोवर तिला कुणी काही विचारायचं नसतं. न्यासुनाचा कोट सरळ झालाच नाही. ओलाल जिथे तिथे उसासे टाकायचा, "माझा हक्क त्या कोटात अडकलाय." त्याची बायको अचोला हे ऐकून उखळात जरा जास्तच जोराने मुसळ घालायची.

तेव्हा उलट्या कोटाबाबत न्यासुनाचा शब्द म्हणजे गावात शेवटचा शब्द. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना कळलं: ओबुरा सुतकात आहे. आई-बाप तर समोर धडधाकट. मग गेलं कोण?

"बायको," ओलालने सांगून टाकलं. "शहरात केली असणार गुपचूप. माझ्या बकऱ्यावर लग्न झालं, आणि मला मुंडीसुद्धा नाही."

ओबुराला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी सरोवरावरून गार वारं आलं तेव्हा तो बापाच्या मागोमाग ज्वारीत उतरला. कोट बांधावरच्या काटेरी झुडपावर टाकलेला. टारफुला जांभळा फुलला होता. दिसायला इतका देखणा, की अनोळखी माणसाला वाटावं मुद्दाम लावलाय. तो ज्वारीच्या मुळाला तोंड लावून पितो. खुरप्याने कापून भागत नाही, बी धरण्याआधी बोटांनी बुडाशी धरून उपटावा लागतो. बाप-लेक वाकून पुढे सरकत होते. ओबुराची पाठ लवकरच भरून आली. मागेरोची पाठ भरून येत नसे, ती तशीच बनलेली होती.

बऱ्याच वेळाने मागेरो जमिनीकडे बघत म्हणाला, "कुठलं होतं?"

"काय?"

"असू दे. सांगायचं नसेल तर नको सांगू."

ओबुराला वाटलं, बाबा टारफुल्याबद्दल विचारतायत. "हे? ओलालकाकांच्या बाजूचंच असणार."

मागेरो थबकला. ओलालच्या बाजूची? त्याने मान वळवून मुलाकडे पाहिलं, मग ओलालच्या झोपड्यांकडे पाहिलं. ओलालच्या नात्यातली पोरगी! आणि ओलालच गावभर बोंब मारतोय! मागेरोने पुढचा अख्खा वाफा तोंड मिटून उपटला. ज्वारीचीही काही ताटं त्यात गेली.

तिसऱ्या प्रहरी न्यासुना आली. निमित्त मिठाचं. मीठ घेतल्यावर ती ओबुरापाशी टेकली, त्याच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं, काठ उलटून पाहिला. आत मरून रंग दिसताच तिच्या भुवया वर गेल्या.

"किती दिवस घालणार हा असा?"

"फाटेपर्यंत, आजी. मग दुसऱ्या बाजूने."

न्यासुना तोंडावर बाही धरून खोकली. हसली असंही म्हणता येईल. "तुझ्यासारखं पोर उपाशी नाही मरायचं," असं म्हणून ती मीठ विसरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अपोंडीने कोट धुवायला घेतला. ओढ्यावर एकटीच होती. दगडावर पिळताना बाही उलटी झाली, मग खांदा, आणि मग पाण्यातून गरुड वर आला. अपोंडीच्या हातून साबण सुटला. तिने आजूबाजूला पाहिलं, गरुड पुन्हा आत कोंबला आणि ओला कोट छातीशी धरून घर गाठलं. काखेपासून घोट्यापर्यंत पाणी गळत होतं.

"दार लावून घे," ती ओबुराला म्हणाली. "हा कुणाचा?"

"माझा."

"चोरलास?"

"आई!"

"तसले कोट मी बाजारात पाहिलेत. गाड्यांच्या काचा फोडणारी पोरं घालतात."

ओबुराने तिला सांगितलं. ढिगारा, दलाल, एकात दोन, रविवार आणि सोमवार. अपोंडी ऐकत गेली. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे मेली नाही कुणी?"

"कोण मरायला हवं होतं?"

"तुझी बायको."

ओबुरा खदाखदा हसला, तेव्हा अपोंडीने ओल्या कोटानेच त्याच्या पाठीत एक दिली. मग तिने त्याला गावात काय चाललंय ते सगळं सांगितलं, आणि त्याचं हसू विरलं.

"मी रविवारी मंडळी जमली की सांगतो ना, कुणी गेलं नाही म्हणून."

"मग विचारतील, उलटा का घातला?"

"उलटा नाहीये तो. त्याला दोन्ही बाजू सरळच आहेत."

"दाखव म्हणतील. दाखवलास की हा पक्षी बाहेर येईल. मग बायकोवर बकरा उडवला म्हणायचे ते कोटावर उडवला म्हणतील. बायको परवडली, निदान ती मेली तरी आहे." अपोंडी चुलीपुढे बसली, धुराने चुरचुरलेले डोळे पुसले. तिचं डोकं चालत होतं. "असं कर. खोलीतला मित्र गेला म्हण. चांगला मुलगा होता म्हण. मित्रासाठी कोट उलटा केला, यात कुणाचा बकरा जात नाही."

"त्यांच्यापैकी कुणाला मारू? बूट देणाऱ्याला?"

"नसलेला मार रे एखादा!"

रविवारी चर्च सुटल्यावर मंडळी आंब्याखाली जमली. पुरुष स्टुलांवर, बायका पाय लांब करून जमिनीवर. ओबुरा राखाडी कोटात मध्ये उभा. बोलायचं होतं पुढच्या वर्षीच्या मदतीचं. पण सगळ्यांचे डोळे मानेवरच्या त्या पांढऱ्या शिक्क्यावर. ओलाल उठला, घसा साफ केला.

"पोरा, आम्ही दुःखातल्या माणसाला टोचत नाही. फक्त सांग, गेलं कोण?"

"माझ्या खोलीतला..." ओबुरा म्हणाला, आणि आईकडे बघितलं. "एक मित्र."

आंब्याखाली हळहळ पसरली. बायका चुकचुकल्या. एकीने तर बारीक सूर धरायलाही घेतला. ओलालचा चेहराच बदलला.

"अरेरे! कुठल्या गावचा? पुरला का?"

"अं... नाही अजून."

"मग इथे काय करतोस? उद्याच निघू सगळे! टेम्पो करू. मी बकरा देतो. आपल्या पोराच्या मित्राच्या मयताला गाव गेलं नाही, असं होणार नाही!"

माणसं उठायला लागलीसुद्धा. मयताला जायचं म्हटलं की आमचं गाव टारफुला सोडून निघतं. कुणीतरी उगालीचं पीठ किती लागेल ते मोजायला लागलं, कुणी ढोल कुणाकडे आहे ते विचारलं. फक्त मागेरो बसून होता. तो मुलाच्या कानाच्या पाळीकडे बघत होता. लहानपणी खोटं बोलताना ओबुरा ती चिमटीत धरायचा.

"थांबा," ओबुरा म्हणाला. "कुणी मेलं नाही."

"आत्ता तर मेला होता!" ओलाल म्हणाला.

ओबुराने कोट काढला. बाह्या ओढल्या, खांदे बाहेर घेतले, झटकला आणि पुन्हा अंगात घातला. मग तो पाठ करून उभा राहिला. उन्हाची तिरीप पानांतून बरोबर गरुडावर पडली. एक लेकरू रडायला लागलं.

अपोंडीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला.

"हा," ओलाल शांतपणे म्हणाला, "माझा बकरा. उडाला."

"काका, तुमच्या बकऱ्याच्या एका खुराचीही किंमत नाही याला. ढिगाऱ्यातला आहे."

"ढिगाऱ्यात सोनं असतं होय? मग आम्ही का शेत करतो? मंडळी, आपण पोटाला चिमटा काढायचा आणि यानं दोन-दोन तोंडांचे कोट घालायचे! आपल्याला एक दाखवायचं, शहराला दुसरं. उद्या हा आपल्या पोरांना काय शिकवेल? माझ्याकडून आता कोंबडीचं पीससुद्धा नाही."

दोघं-तिघं 'बरोबर' म्हणाले. ओबुरा पाठ तशीच ठेवून उभा होता, कारण तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. त्याच्या खांद्यांबरोबर गरुडही जरा खाली आला.

तेव्हा न्यासुना उठली. गुडघ्यावर हात रोवून, सावकाश.

"मी सुरू केलं हे," ती म्हणाली. "शिक्का बघून मीच म्हणाले. तेव्हा मलाच बोलू द्या." तिने आपल्या कोटाचं बटण काढलं. मग दुसरं. बायकांत कुजबुज झाली. न्यासुनाने नवऱ्याचा कोट अंगातून उतरवला, बाह्या ओढल्या, झटकला, आणि सरळ बाजूने अंगात घातला.

काळाभोर कोट. कुठे विरलेला नाही, कुठे विटलेला नाही. खिशाची घडीही मोडलेली नव्हती. तिच्या नवऱ्याने ज्या दिवशी घेतला असेल त्या दिवसासारखा.

"अस्तर फाटलं तर ठिगळ लावता येतं," न्यासुना म्हणाली. "वरचं कापड गेलं की कोट गेला. एक बाजू कामाला, एक बाजू जपायला. मी हेच केलं तर तुम्ही मला पतिव्रता म्हणता. पोरानं केलं तर चोर?"

मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं, आणि एकेक मान ओलालकडे वळायला लागली. न्यासुनाचा कोट सरळ झाला होता.

सगळ्यात शेवटी ते ओलालच्या ध्यानात आलं. त्याने न्यासुनाकडे पाहिलं. ती शांतपणे त्याच्याचकडे बघत होती, धाकट्या दिराकडे हक्काने बघावं तशी. मग त्याने अचोलाकडे पाहिलं. अचोला पाय लांब करूनच बसली होती, फक्त तिने पायातली एक चप्पल काढून हातात घेतली होती.

"काय भाऊजी," न्यासुना म्हणाली, "तुमचं काहीतरी अडकलंय म्हणत होतात ह्यात. माझं छप्पर गळतंय. कुंपण पडलंय. या मग, उद्यापासून."

"वहिनी," ओलालचा आवाज एकदम मऊ झाला, "वारं फार सुटलंय हो. तुम्ही आपला... आहे तसा घाला कोट. दुःख का कुणाचं असं एका दिवसात संपतं?"

"संपलंय असं वाटतंय खरं."

"नाही नाही, घाई नको. मोठा भाऊ होता तो माझा." ओलालने कपाळ पुसलं. "आणि पोराचं म्हणाल तर... आता सगळं उघड झालंच आहे. कोट काय, कोट स्वस्तच असतात. काळ्या ठिपक्यांचा एक बकरा आहे माझ्याकडे."

"एकटाच?" न्यासुनाने विचारलं.

"आणि... एक शेळी."

न्यासुनाने विचार केला. मग तिने कोट काढला, झटकला, आणि अस्तर बाहेर काढून पुन्हा घातला. अचोलाने चप्पल पायात सरकवली. पुढचं सगळं झटपट झालं. एकाने कोंबड्या सांगितल्या, दुसऱ्याने भुईमूग, आणि ओबुराचं वर्ष उभं राहिलं.

घरी येताना मागेरो मुलाच्या मागून, गरुडाकडे बघत चालला. जेवताना त्याने कोट मागून घेतला, दोन बाजूंच्या मध्ये बोटं घालून चाचपला.

"यात काय आहे?"

"काही नाही बाबा."

"काही नाही तर इतका जाड कसा?"

दुसऱ्या सकाळी ओबुराची बस होती. पेटी बांधून झाली, चहा झाला, आणि खुंटीवर कोट नव्हता.

"ओलाल!" अपोंडी म्हणाली. "रात्रीत शेळीची वसुली केली त्यानं."

"काका नव्हे. काल ते पोर रडत होतं ना, त्याची आई टक लावून बघत होती."

त्यांनी झोपडीमागे पाहिलं, गोठ्यात पाहिलं. अपोंडी तर न्यासुनाचंही नाव घेऊन चुकली, आणि तिला मनातल्या मनात लाजही वाटली. शेवटी मागेरोला उठवून विचारावं म्हटलं, तर त्याची चटईही रिकामी होती.

ज्वारीवर धुकं होतं. बांधापाशी येऊन दोघं थांबले. शेताच्या पार त्या टोकाला, जिथून ना वाट दिसते ना ओलालची घरं, ज्वारीच्या ताटांमधून मरून रंगाचं काहीतरी हळूहळू सरकत होतं. सोनेरी गरुड खाली वाकायचा, टारफुल्याचं एक रोप उपटायचा, आणि वर यायचा. वर आला की चहूकडे नजर फिरवायचा, कुणी बघत तर नाही ना. मग पुन्हा वाकायचा.

ओबुराने हाक मारायला तोंड उघडलं. अपोंडीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप," ती म्हणाली. "दुपारी पण असते बस."